अटोर्वास्टॅटिन ४० वरून खाली यायचंय, कोणी डोस कमी केलाय का?

गोदाकाठ | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज धागा काढतोय.

वय ५७, मुक्काम नाशिक. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या तपासणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५६ निघालं. बीपी आधीपासून आहे, त्याची गोळी चालू. डॉक्टरांनी अटोर्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी) थेट ४० मिलिग्रॅम दिली, रात्री जेवणानंतर एक. अटॅक, स्टेंट, शुगर यांतलं काही नाही. सिगरेट कधी ओढली नाही. मधल्या काळात संध्याकाळचं फरसाण सुटलं, वजन उतरलं. परवाच्या रिपोर्टात एलडीएल ६१.

घरचे म्हणतात, इतकं खाली आलंय तर आता गोळी कशाला? आणि गेले काही महिने रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, झोपेतून उठून बसावं लागतं. शेजारच्यांनी लगेच निकाल दिला: स्टॅटिनच.

तर ४० ची २० किंवा १० करता येते का? कोणी केली असेल तर कशी केली, पुन्हा रक्त कधी तपासलं? डॉक्टरांकडे जाणारच आहे, परस्पर काही करणार नाही. पण तिथे बोलायला जेमतेम पाच मिनिटं मिळतात, म्हणून प्रश्न नीट तयार करून जावं म्हणतो.

---

चहाटळ | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

एक गोळी घ्या, चार गोळे मिळवा. ऑफर मर्यादित काळासाठी. (हलके घ्या.)

---

टेकडीवाला | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:३२

मी केली की. २० ची होती, सुरीने दोन तुकडे करून अर्धी घेतो. कोणाला विचारलं नाही. रोज टेकडी चढतो, दम लागत नाही, एकदम ठणठणीत. डॉक्टर एकदा लिहून देतात आणि मग जन्मभर पट्ट्याच पट्ट्या. बिनधास्त कमी करा.

---

आकडेमोड | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:४१

@टेकडीवाला, अर्धी केल्यानंतर एलडीएल किती आलं?

---

टेकडीवाला | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:४४

तपासलं नाही. बरं वाटतंय तर कशाला सुई टोचून घ्यायची?

---

औषधवाला | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

सांगलीत आयुष्यभर मेडिकल चालवलं, आता मुलगा बघतो. त्या काउंटरवरचा अनुभव सांगतो.

टेकडीवाले, कोलेस्टेरॉल वाढलेलं कोणालाच 'वाटत' नाही. दात दुखला तर कळतो, एलडीएल १६० झालं तर काहीही कळत नाही. त्यामुळे 'मला बरं वाटतंय' याला इथे काही अर्थ नाही. डोस कमी केलात याला माझी हरकत नाही, न तपासण्याला आहे.

गोळी तोडण्याबद्दल: साधी अटोर्वास्टॅटिनची गोळी बहुधा तोडता येते, पण सुरीने तुकडे सारखे होत नाहीत, चुराही सांडतो. दहा, वीस, चाळीस सगळ्या ताकदींत गोळ्या मिळतात. डॉक्टरांकडून २० लिहून घ्या आणि २० च घ्या.

आता महत्त्वाचं. आपल्याकडे एकाच कॅप्सूलमध्ये रोझुवास्टॅटिन (हेही स्टॅटिनच), ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असं एकत्र औषध खूप चालतं. पेशंट त्याला 'कोलेस्टेरॉलची कॅप्सूल' म्हणतो. रिपोर्ट चांगला आला की तो ती दिवसाआड करतो, किंवा बंदच करतो. स्टेंट घातलेल्या माणसाने असं केलं तर त्याचं रक्त पातळ ठेवणारं औषधसुद्धा बंद होतं. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका किती गंभीर असतो हे मी सांगायला नको. म्हणून डोसचा विचार करण्याआधी पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा, नक्की काय काय घेताय ते.

गोदाकाठ, तुमची पट्टी साध्या अटोर्वास्टॅटिनचीच आहे ना? आणि बीपीची गोळी कोणती, तेही सांगा.

---

रानवारा | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:२५

आमचे आजोबा नव्वदीपर्यंत भाकरीवर तूप ओतून खायचे, कोणती गोळी नाही की काही नाही. हे सगळं कंपन्यांचं राजकारण आहे. मर्यादा कमी कमी करत न्यायची आणि निरोगी माणसाला पेशंट करायचं. रोज सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या आणि अर्जुनाच्या सालीचा काढा घ्या, निसर्गात सगळं आहे.

---

खाडीपल्याड | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

आजोबा दिवसभर शेतात राबत असतील. आपण दिवसभर खुर्चीत राबतो.

---

आकडेमोड | ११ फेब्रुवारी, दुपारी १:१५

@रानवारा, निसर्गाबद्दल एक गंमत. स्टॅटिन आलं निसर्गातूनच. अकिरा एन्डो नावाच्या जपानी संशोधकाने हजारो बुरशी तपासल्या आणि १९७३ मध्ये पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. ती बुरशी तांदळावरची होती. ते २०२४ मध्ये वारले. तेव्हा 'निसर्ग विरुद्ध गोळी' हा सामना इथे होतच नाही.

आता मूळ प्रश्न. बहुतेकांना वाटतं डोस निम्मा केला की परिणामही निम्मा. तसं नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल साधारण आणखी ६ टक्क्यांनीच उतरतं. पहिल्या १० मिलिग्रॅममध्येच बरंचसं काम झालेलं असतं. अटोर्वास्टॅटिनचे ढोबळ आकडे असे: १० ने एलडीएल ३७-३८ टक्के उतरतं, २० ने ४३, ४० ने ४९-५०.

गोदाकाठांचं गणित मांडतो. आज ४० वर ६१ आहे. २० वर आले तर ६७-६८ च्या आसपास जाईल, १० वर ७५ च्या आसपास. पूर्ण बंद केली तर सव्वाशेच्या आसपास, कारण वजन उतरल्याने मूळचे १५६ काही परत येणार नाहीत. ही सरासरी आहे, प्रत्येकाचं शरीर वेगळं. पण ४० ते २० ही पायरी लहान आहे आणि १० ते शून्य हा कडा आहे.

---

गोदाकाठ | ११ फेब्रुवारी, दुपारी २:०५

आकडेमोड, हे गणित मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

औषधवाले काका, पट्टी साध्या अटोर्वास्टॅटिनचीच आहे. बीपीची टेल्मिसार्टन आहे, संध्याकाळी घरी गेल्यावर नीट वाचून सांगतो.

---

स्टेथो | ११ फेब्रुवारी, रात्री १०:४८

ओपीडी संपवून आत्ता वाचलं. मी फिजिशियन आहे, पण इथे कोणालाही डोस लिहून देणार नाही. माझ्यासमोर असा पेशंट बसला तर मी काय विचारतो, तेवढं सांगतो.

पहिलं: गोळी कशासाठी सुरू झाली? अटॅक, स्टेंट, बायपास, पक्षाघात यांपैकी काही होऊन गेलेलं असेल, तर एलडीएल छान आलं म्हणून डोस उतरवायचा नसतो. ते छान आलंय ते त्या डोसमुळे. त्रास होत असेल तर औषध बदलतो, दुसरं जोडतो, पण एलडीएल खालीच ठेवतो. मूळचं एलडीएल १९० च्या वर आणि घराण्यात तरुण वयात अटॅक असेल, तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. तिथेही हात आखडता घेत नाही. गोदाकाठांसारखं, म्हणजे आधी काही झालेलं नाही आणि प्रतिबंध म्हणून गोळी, तिथे बोलायला जागा असते.

दुसरं: लक्ष्य काय? कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं ढोबळपणे असं सांगतात: धोका कमी असेल तर एलडीएल १०० च्या खाली, शुगर किंवा बीपी असलेला धोक्याच्या गटातला पेशंट असेल तर ७० च्या खाली, आणि अटॅक वगैरे होऊन गेला असेल तर ५५ च्या खाली. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' म्हणून जो आकडा छापलेला असतो तो सगळ्यांना एकच असतो. तुमचं लक्ष्य तुमचं असतं.

तिसरं, आणि यावर मी अडून बसतो: ते गोळे नेमके कधी येतात? रात्री झोपेत येत असतील तर वेगळी यादी. पण थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं, पुन्हा चाललं की पुन्हा तेच, असं असेल तर पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. म्हणजे ज्या दुखण्यासाठी स्टॅटिन हवं, त्यालाच स्टॅटिनचा दुष्परिणाम समजून आपण ते बंद करायचं! पायाच्या नाड्या तपासायला एक मिनिट लागतं.

स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्हीकडे सारखं, मांड्या-पोटऱ्या-खांद्यांत, आणि सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत दिसतं. तीन वर्षं निवांत गेल्यावर अचानक सुरू झालं तर मी आधी विचारतो: नवीन काय चालू झालं? क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक अटोर्वास्टॅटिनची रक्तातली पातळी बरीच वाढवतं. थायरॉइड मंदावला तर स्नायूही दुखतात आणि एलडीएलही चढतं, म्हणून टीएसएच. सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्यावी. आणि स्नायू खूप दुखताहेत, ताकद गेल्यासारखी वाटतेय, लघवी गडद तपकिरी होतेय, असं कधी झालं तर धागा वाचत बसू नका, गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे क्वचित होतं, पण होतं.

---

चहाटळ | ११ फेब्रुवारी, रात्री ११:०२

डॉक, दंडवत. माझ्या फॅमिली डॉक्टरांनी आजवर माझ्याशी बोललेले सगळे शब्द एकत्र केले तरी एवढे भरणार नाहीत.

---

लेस्टरकर | १२ फेब्रुवारी, पहाटे ३:५०

इकडे इंग्लंडात प्रतिबंधासाठी गोळी सुरू करायची तर जीपी (फॅमिली डॉक्टर) अटोर्वास्टॅटिन २० ने सुरुवात करतात, तसा नियमच आहे. आधी अटॅक आलेल्यांना ८०. मग तीन महिन्यांनी तपासून नॉन-एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल सोडून बाकीचं सगळं) ४० टक्क्यांनी उतरलं का ते बघतात. मला २० च आहे, आठ वर्षांपासून. गोदाकाठांना पहिल्याच दिवशी ४० का दिली, याचं कुतूहल आहे.

---

स्टेथो | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

@लेस्टरकर, आपल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो, म्हणून इथले बरेच डॉक्टर आक्रमक सुरुवात करतात. चुकीचं नाही. शिवाय आपला पेशंट तपासणीला परत येईलच याची खात्री नसते. पण सुरुवात आक्रमक केली म्हणून कायम तिथेच राहायला हवं असंही नाही. सगळे थांबून बघतात ते वर चढवण्यासाठी. खाली उतरवण्यासाठी थांबून बघायला कोणाला वेळ नसतो.

रोझुवास्टॅटिनबद्दल एक भर. आशियाई लोकांच्या रक्तात त्याची पातळी गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळते, म्हणून आपल्याला ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात सुचवतात. आपल्याकडे पहिल्याच चिठ्ठीत २० लिहिलेली मी पाहतो. असे पेशंट डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांना नक्की विचारू शकतात.

---

मेथीची_जुडी | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

आईचा अनुभव लिहिते. वय ७९, वजन अवघं ४१ किलो, किडनीचं काम मंदावलेलं. रोझुवास्टॅटिन २० चालू होती, कोणी कधी लिहिली ते आम्हालाही आठवत नाही. नव्या डॉक्टरांनी गोळ्यांची पूर्ण पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली आणि एकेक बघितली. किडनीचा रिपोर्ट बघून रोझुवास्टॅटिन ५ वर आणली. आई आता जास्त हिंडतीफिरती आहे. ते गोळीमुळे की नातीच्या लग्नामुळे, देव जाणे.

मला मात्र भीती होती की या वयात कमी केलं तर काही होईल का. बंदच करून टाकू का, असंही विचारलं होतं. डॉक्टर नाही म्हणाले.

---

आकडेमोड | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:५५

त्यांचा 'नाही' समजण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये पंच्याहत्तरीतल्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. स्टॅटिन बंद केलेल्यांमध्ये हृदयविकार-पक्षाघातासाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण सुमारे ३३ टक्के जास्त दिसलं. अर्थात ही नुसती निरीक्षणं आहेत. ज्यांनी बंद केली ते मुळातच जास्त थकलेले असतील, हा आक्षेप राहतोच. पण तो अभ्यास बंद करण्याबद्दल होता, कमी करण्याबद्दल नव्हे. इथे बरेच जण दोन्ही एकाच पिशवीत घालताहेत.

---

तिसरी_शिट्टी | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

माझ्या मिस्टरांना मागच्या वर्षी स्टेंट बसलाय. त्यांनी हा धागा वाचला आणि सकाळपासून 'मलाही कमी करायचीय' चाललंय. एलडीएल ४८ आलंय, त्यांना वाटतंय फारच खाली गेलं, मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं म्हणे. कॅप्सूलही तीच, औषधवाल्या काकांनी सांगितलेली, तिन्ही एकत्र असलेली.

---

स्टेथो | १२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

ताई, त्यांना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवा. स्टेंट असलेल्या माणसाचं एलडीएल ४८ म्हणजे काम फत्ते. ते मुद्दाम तिथे आणलेलं आहे. मेंदू त्याला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो, रक्तातल्या एलडीएलवर अवलंबून नसतो. आणि त्या कॅप्सूलमधलं काहीही, एक दिवससुद्धा, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचं नाही. दात काढायचा असला तरी आधी त्यांना फोन.

---

तिसरी_शिट्टी | १२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

वाचून दाखवला. 'बरं' म्हणाले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हे 'बरं' पहिल्यांदा ऐकलं.

---

टेकडीवाला | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

सगळे डॉक्टरांच्या बाजूने बोलताय. पण स्टॅटिनने अंग दुखतं हे खरंच आहे ना? आमच्या टेकडी ग्रुपमधले निम्मे लोक तेच सांगतात.

---

आकडेमोड | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

दुखतं हे खरं. गोळीमुळे किती, हा प्रश्न आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२० मध्ये एक भारी प्रयोग प्रसिद्ध केला. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेले साठ जण घेतले. वर्षभरातले काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी, आणि काही महिने रिकामी बाटली. गोळी खरी की खोटी हे त्यांना माहीत नाही. रोज किती त्रास झाला ते फोनवर नोंदवायचं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला! रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत मात्र कमी. आणि हे समजल्यावर निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

दुखणं खोटं नव्हतं. पण गोळी घेतोय हे माहीत असणंही दुखवतं. त्यात तुमचा टेकडी ग्रुप रोज सकाळी एकमेकांना आठवण करून देत असणार.

---

खाडीपल्याड | १३ फेब्रुवारी, दुपारी १:०५

अवांतर: नारळाचं काय करायचं ते कोणी सांगा. रत्नागिरीत राहून सोलकढी सोडायची तर घर सोडावं लागेल. आमच्याकडे भाजीत खोबरं, आमटीत खोबरं, माशाला वाटण खोबऱ्याचं, आणि वर ओलं खोबरं भुरभुरायचं.

---

चहाटळ | १३ फेब्रुवारी, दुपारी १:२०

भुरभुरायचं तेवढं सोडा.

---

मेथीची_जुडी | १३ फेब्रुवारी, दुपारी १:५०

खोबरेल तेलाने एलडीएल वाढतं, त्यातली चरबी संपृक्त असते. पण चमचाभर किसलेलं ओलं खोबरं आणि तळायला खोबरेल, यांत फरक आहे. रोजच्या जेवणात डाळी-उसळी वाढवणं, ज्वारी-नाचणी, आणि इसबगोल, यांनी एलडीएल काही टक्के उतरतं. काही टक्केच, गोळीइतकं नाही. पण आकडेमोड म्हणतात तसं डोस निम्मा केल्याने गमवायचे असतात तेही थोडेच. तेवढी भरपाई ताटातून होऊ शकते की!

---

रानवारा | १३ फेब्रुवारी, दुपारी २:३०

मग मी काय वेगळं सांगत होतो?

---

औषधवाला | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:००

तुम्ही गोळी सोडून काढा घ्या म्हणत होतात. मेथीताई गोळीसोबत ताट सुधारा म्हणतायत.

आणि ऑनलाइन 'लाल यीस्टचा तांदूळ' नावाच्या कॅप्सूल नैसर्गिक म्हणून विकतात, त्यापासून सांभाळा. त्यातला मुख्य घटक म्हणजे लोव्हास्टॅटिनच, पण किती आहे याचा पत्ता नाही. एकीकडे स्टॅटिन कमी करायचं आणि दुसरीकडे नकळत तेच घ्यायचं, असं व्हायला नको.

गोदाकाठ, बीपीच्या गोळीचं राहिलं.

---

गोदाकाठ | १३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

काका, वाचली. टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५. आधी साधी टेल्मिसार्टन होती, दिवाळीनंतर बीपी वर दिसलं म्हणून बदलली.

आणि डॉक, चालताना काही होत नाही. गोळे फक्त रात्री, पहाटे तीन-चारला.

---

औषधवाला | १३ फेब्रुवारी, रात्री ९:२८

दिवाळीनंतर. आणि गोळे कधीपासून?

---

गोदाकाठ | १३ फेब्रुवारी, रात्री ९:३३

...नाताळच्या आसपास.

---

औषधवाला | १३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

क्लोरथॅलिडोन लघवी वाढवणारं औषध आहे. त्याने पोटॅशियम, सोडियम उतरू शकतं आणि मग रात्री गोळे येऊ शकतात. मी निदान करत नाही, तो माझा अधिकार नाही. डॉक्टरांना ही तारीख आवर्जून सांगा आणि इलेक्ट्रोलाइट्स करू का विचारा. बीपीची गोळीही परस्पर बंद करायची नाही हं.

---

चहाटळ | १३ फेब्रुवारी, रात्री ९:५५

तीन दिवस सगळे स्टॅटिनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून बसलेत आणि खरा गुन्हेगार निघाला बीपीवाला. काका, सीआयडीत होतात का?

---

गोदाकाठ | २ मार्च, सकाळी ११:३०

अपडेट देतो. डॉक्टरांकडे जाऊन आलो. प्रश्न कागदावर लिहून नेले होते, त्यांनी कागदच मागून घेतला आणि एकेकाला उत्तर दिलं.

पोटॅशियम ३.२ निघालं, ३.५ च्या खाली म्हणजे कमी. सीपीके नॉर्मल, टीएसएच नॉर्मल. पायाच्या नाड्या तपासल्या, ठीक. बीपीची गोळी बदलली, क्लोरथॅलिडोनच्या जागी ॲम्लोडिपिन जोडलेली दिली. पण दोन औषधं एकदम हलवली तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही, म्हणून स्टॅटिनला महिनाभर हात लावायचा नाही असं सांगितलं. हे मला पटलं.

'बंद करू का' याला स्पष्ट नाही. बीपी आहे, वय ५७ आहे, लक्ष्य ७० च्या खाली. '२० करू का' याला म्हणाले, एप्रिलपासून करून बघू, आठ-दहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल. ७० च्या खाली राहिलं तर २० वर कायम, वर गेलं तर पुन्हा ४० किंवा २० सोबत एझेटिमाइब (कोलेस्टेरॉल उतरवणारं, पण स्टॅटिन नसलेलं औषध). लायपोप्रोटीन-ए नावाची एक तपासणी एकदाच करून घ्यायला सांगितली. ती पातळी आनुवंशिक असते, जास्त निघाली तर डोस कमी करण्याचा विचार सोडून द्यायचा, असं ठरलं. ती १४ आली, ५० च्या बरीच खाली.

---

लेस्टरकर | २ मार्च, दुपारी ३:१०

हे झकास. एझेटिमाइबबद्दल: माझ्या बायकोला रोझुवास्टॅटिन २० ने पोट बिघडायचं, आता १० आणि सोबत एझेटिमाइब १०. एलडीएल आधीपेक्षा कमी आहे.

---

आकडेमोड | २ मार्च, दुपारी ३:४५

त्याला चांगला आधार आहे. २०२२ मध्ये दक्षिण कोरियातला एक मोठा अभ्यास आला, हृदयरोग असलेल्या ३७८० जणांवर. रोझुवास्टॅटिन १० अधिक एझेटिमाइब १०, विरुद्ध नुसती रोझुवास्टॅटिन २०. तीन वर्षांत अटॅक वगैरेच्या बाबतीत जोडगोळी कमी पडली नाही, आणि त्रासामुळे औषध सोडणं किंवा डोस कमी करणं हे त्या गटात कमी, ४.८ टक्के विरुद्ध ८.२. म्हणजे हृदयरोग्यांमध्येही स्टॅटिनचा डोस कमी ठेवता येतो, पण एलडीएल वर जाऊ न देता.

कोरियातच २०२३ मध्ये आणखी एक आला. सरसकट जास्त डोस द्यायचा, की एलडीएल ५० ते ७० च्या मध्ये ठेवायचं आणि त्यानुसार डोस वर-खाली करायचा? दुसऱ्या गटात ५० च्या खाली गेलं तर डोस उतरवायचीही सोय होती. निकाल: दोन्ही सारखेच. गोदाकाठांचे डॉक्टर करताहेत ते याच धर्तीवर आहे.

---

रानवारा | ३ मार्च, सकाळी ८:००

कोरिया सोडा, सातारचं कोणी सांगा.

---

स्टेथो | ३ मार्च, रात्री १०:३०

रानवाऱ्यांशी या एका बाबतीत मी सहमत. आपल्या लोकांवर असे अभ्यास व्हायला हवेत.

---

गोदाकाठ | १४ जून, सकाळी ९:२०

धागा वर काढतोय, कारण विचारणारे व्यक्तिगत निरोप येताहेत.

गोळे एप्रिलच्या आधीच गेले, म्हणजे अटोर्वास्टॅटिन ४० चालू असतानाच. पोटॅशियम ४.१. त्यानंतर स्टॅटिन २० केली. कालचा रिपोर्ट: एलडीएल ६६, नॉन-एचडीएल ८९. आकडेमोड, तुमचं ६७-६८ फार चुकलं नाही! डॉक्टर म्हणाले २० वर राहा, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. १० चं विचारलं तर हसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

---

टेकडीवाला | १४ जून, सकाळी ९:५०

अभिनंदन. म्हणजे पोटरीतल्या गोळ्यांसाठी डोस कमी करायची गरजच नव्हती.

---

गोदाकाठ | १४ जून, सकाळी १०:०२

गोळ्यांसाठी नव्हतीच. पण २० वर लक्ष्य गाठता येत असेल तर ४० कशाला घ्यायची? तुमचं एलडीएल तपासलंत का?

---

टेकडीवाला | १४ जून, सकाळी १०:०५

नेटवर्क जातंय बहुतेक.

---

सोमवारचा_उपास | १४ जून, सायंकाळी ७:४०

नवीन सदस्य. दिवसाआड गोळी घेतली तर चालतं का? आणि माझ्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड ४८० आहेत, एलडीएलच्या जागी नुसती रेघ मारलीय. लॅबची चूक का?

---

स्टेथो | १४ जून, रात्री ११:१०

दिवसाआड: अटोर्वास्टॅटिन आणि रोझुवास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, म्हणून ज्यांना रोजची सोसतच नाही त्यांना आम्ही कधी कधी तसं देतो. सिम्व्हास्टॅटिन काही तासांत संपतं, तिथे ते जमत नाही. पण रोजची सोसत असेल तर रोजचीच छोटी गोळी बरी, दिवसाआड घेणारे हमखास विसरतात.

रेघ ही लॅबची चूक नाही. बहुतेक लॅब एलडीएल मोजत नाहीत, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे गणित बिघडतं. 'डायरेक्ट एलडीएल' मागा. आणि ४८० असेल तर तुमचा विषय वेगळा आहे: शुगर, दारू, थायरॉइड आधी बघायला हवं. वेगळा धागा काढा, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) किती आहे तेही त्यात लिहा.